कुंकू लावलेल्या यंत्राची निगा

खंडेनवमीला आपण हत्यारे पुजली. सुरतेजवळच्या सचिन गावच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत मागांवर, रंगाईच्या यंत्रांवर, ट्रकच्या चाकांवर झेंडूच्या माळा चढल्या आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकवाचे बोट लागले. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून ताप्तीकाठच्या रेल्वेने इथे पोटापाण्यासाठी आलेल्या आपल्या माणसांनी ही रीत गाठीला बांधून आणली आणि इथल्या शस्त्रपूजनात ती सहज मिसळून गेली. पण या रीतीला एक पूर्वार्ध आहे. हत्यार आधी खाली उतरवायचे, गंज घासायचा, धार पाहायची, तेल द्यायचे आणि मगच फूल वाहायचे. मागाच्या बाबतीत आपण हे सारे अजूनही मन लावून करतो. कॉम्प्युटरच्या वाट्याला मात्र फक्त फूल आले.

आता ही उणीव अधिकच टोचते. १४ ऑक्टोबर २०२५ ला, धनत्रयोदशीच्या अवघे चार दिवस आधी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणे थांबवले. २०१५ च्या जुलैत आलेल्या या प्रणालीवर आपल्या कितीतरी कारखान्यांचा टॅलीचा हिशेब, जीएसटीची बिले, कामगारांची हजेरी आणि पीएफ उभा आहे. १५ तारखेला सकाळी ही यंत्रे नेहमीसारखीच सुरू झाली आणि धोका नेमका तिथेच आहे. बिघडलेला माग आवाज करतो, धागा तोडतो. असुरक्षित झालेला कॉम्प्युटर मात्र बिनतक्रार चालत राहतो.

कोणतीही संगणक प्रणाली माणसांनीच लिहिलेली असते. तिच्या लक्षावधी ओळींत कुठेतरी एखादी चूक राहते, आणि तिथून परक्याला आत शिरता येते. चूक सापडली की कंपनी दुरुस्ती, म्हणजे पॅच, पाठवते. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून ठेवला आहे. मात्र दुरुस्ती जाहीर झाली की छिद्र कुठे होते हेही जगजाहीर होते, आणि ती न बसवणाऱ्याचे दार कुठून उघडते हे चोराला शोधत बसावे लागत नाही. १४ मार्च २०१७ रोजी अशीच एक दुरुस्ती आली. जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ हे रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, त्याच छिद्रातून जगभर पसरले आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. एवढे होऊनही अनेकांनी दुरुस्ती बसवली नाही. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला, त्यानेही तेच छिद्र वापरले, आणि या वेळी झळ आपल्या अंगणात पोचली: न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनर अडकून राहिले.

सुरतेच्या भूमीला ही गोष्ट नवी वाटू नये. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज पहिल्यांदा सुरतेवर आले तेव्हा या श्रीमंत शहराला भक्कम तटबंदी नव्हती. त्यानंतर मोगलांनी पक्की भिंत उभारायला घेतली. तरीही ३ ऑक्टोबर १६७० रोजी महाराज पुन्हा आले. आता भिंत होती, पण ती राखायला पुरेशी माणसे नव्हती, आणि शहर पुन्हा लुटले गेले. अँटिव्हायरसचे खोके एकदा विकत घेऊन निश्चिंत झालेल्या प्रत्येक मालकाने हा इतिहास शांतपणे वाचावा.

अपडेट नको म्हणणाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही, हेही मोकळेपणाने मानले पाहिजे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. नॉटपेट्याही मुळात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला होता. पण यावरचा उपाय अपडेट टाळणे हा नव्हे. आधी एका यंत्रावर दुरुस्ती बसवून पाहावी, त्यापूर्वी बॅकअप घेऊन तो वेगळा काढून ठेवावा, आणि सारे ठीक दिसले की बाकीच्या यंत्रांकडे वळावे. चोरीचे विंडोज वापरणाऱ्याला मात्र हा मार्गही भरवशाचा राहत नाही, आणि ती काटकसर शेवटी फार महाग पडते.

शिवाय हे नुकसान मालकापुरते राहत नाही. २०२४ च्या जुलैअखेरीस छोट्या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीत रॅन्समवेअर शिरले. खबरदारी म्हणून तिला राष्ट्रीय देयक व्यवस्थेपासून तोडावे लागले आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. ज्याला गावाकडे पैसे धाडायचे आहेत, त्याने कधी न पाहिलेल्या एका सर्व्हरमुळे त्याचा हात बांधला जातो. आपल्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरमध्येही कामगारांचे आधार क्रमांक आणि बँक खाती आहेत. ती विश्वासाने सोपवलेली ठेव आहे आणि तिची राखण हे मालकाचे कर्तव्यच आहे.

दरवर्षी दिवाळीची सुट्टी येते. सचिनमधले बहुतेक कारखाने लाभपंचमीपर्यंत, आपल्या पांडवपंचमीपर्यंत, थंडावतात. हल्लेखोरांना असेच दिवस आवडतात. २०२१ मध्ये कासेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेला मोठा हल्ला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या सुट्टीतच झाला होता. म्हणून जाण्यापूर्वी जे यंत्र चालू राहायला नको ते बंद करावे, आणि सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे नाव ठरवून जावे. आपल्याकडे अडते ते इथेच. बोलावले की येणारा हार्डवेअरवाला असतो, पण कॉम्प्युटरची निगा हे ज्याचे रोजचे काम आहे असा माणूस कारखान्यात नसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा हल्ल्याची खबर लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते. ती कोणी द्यायची, हे हल्ल्याच्या रात्री ठरवता येत नाही.

लक्ष्मीपूजनाला इथे नव्या चोपड्यांची पूजा होते. त्यांत एक चोपडा यंत्रांचा असावा. कोणता कॉम्प्युटर, त्यावर कोणते विंडोज, शेवटचे अपडेट कधी, बॅकअप कुठे आणि जबाबदारी कोणाची, एवढे त्यात लिहावे. जी यंत्रे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव मुदत पैसे भरून घ्यावी किंवा ती बदलावीत. एम्ब्रॉयडरीच्या किंवा रंगाईच्या मशीनला जोडलेला जो जुना कॉम्प्युटर बदलताच येत नाही, त्याची इंटरनेटची तार काढून ठेवावी आणि त्याच्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह राखून ठेवावा. लाभपंचमीच्या मुहूर्तावर कारखाना उघडेल, तेव्हा सुट्टीत साचलेल्या दुरुस्त्या आधी बसवाव्यात आणि पहिले बिल त्यानंतर फाडावे.