सनदेतील कलम आणि बंद पेटीतील आज्ञावली

डेबियन ही संगणक-प्रणाली कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. १९९३ सालच्या ऑगस्ट महिन्यात इयान मर्डॉक या तरुणाने तिची घोषणा केली आणि तेव्हापासून देशोदेशींचे स्वयंसेवक ती सांभाळीत आले आहेत. सुमारे एक हजार सदस्य, लेखी घटना, दरवर्षी निवडून येणारा नेता आणि तंटा विकोपाला गेल्यास सर्व सदस्यांचे मतदान, असा तिचा कारभार आहे. संघटनेच्या कामात केस पांढरे केलेल्या कार्यकर्त्याला हे चित्र अपरिचित वाटू नये. त्यातील भांडणे तर मुळीच वाटणार नाहीत.

अशाच एका भांडणाचा निकाल २०२२ साली लागला. वाद वरकरणी क्षुल्लक होता: कोणते पॅकेज कोणत्या कप्प्यात ठेवावे? डेबियनमध्ये प्रत्येक आज्ञावली पॅकेज म्हणून बांधली जाते; २०२३ च्या आवृत्तीत अशी ६४,००० हून अधिक पॅकेजे होती. १९९७ साली संघटनेने एक ‘सामाजिक करार’ मंजूर केला. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते, तीच डेबियनचा भाग मानली जाईल, असे त्यात ठरले. बाकीची पॅकेजे ‘नॉन-फ्री’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात. ती घरात असली तरी घरची नव्हेत. त्याच कराराच्या चौथ्या कलमात संघटनेची निष्ठा दोघांना वाहिली आहे: वापरणाऱ्या माणसांना आणि मुक्त आज्ञावलीला. या दोन निष्ठांत कधी बेबनाव होईल याची चाहूल तो मसुदा लिहिताना किती जणांना लागली असेल?

बेबनाव घडवून आणला तो फर्मवेअरने. वाय-फायची चिप असो वा ध्वनीची, तिच्या आत एक छोटी आज्ञावली चालते. पूर्वी ती बहुधा चिपवरच कायमची कोरलेली असे. पुढे कारखानदारांनी खर्च वाचविण्यासाठी ती स्मृती काढून टाकली आणि यंत्र सुरू होताना ही आज्ञावली चिपमध्ये भरण्याचे काम संगणक-प्रणालीच्या गळ्यात मारले. मूळ संहिता मात्र तिजोरीतच राहिली. जी परतंत्रता आजवर दृष्टीआड होती, ती आता डेबियनच्या दारात येऊन उभी राहिली.

मग जे घडले ते तत्त्वनिष्ठ संघटनांच्या इतिहासाला साजेसेच आहे. २००४ साली कराराच्या भाषेत बदल झाला आणि त्या ठरावाला नाव मिळाले ‘संपादकीय दुरुस्ती’. (निरुपद्रवी नावाच्या ठरावांविषयी कार्यकर्त्याने नेहमीच सावध असावे.) नव्या शब्दांनुसार फर्मवेअरही मुक्त असणे बंधनकारक ठरले आणि तयार होत आलेली आवृत्ती अडली. लगेच दुसरे मतदान घेऊन अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. २००६ साली पुन्हा सवलत. २००८ साली तर विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत कंपन्यांचे हे तुकडे परवान्याशी सुसंगत आहेत असे गृहीत धरण्याचा ठराव जिंकला. मतपत्रिकेच्या मांडणीवरून एवढा कलह माजला की सचिवांनी राजीनामा दिला. अखेर २०११ च्या आवृत्तीत शब्द पाळला गेला आणि लिनक्सच्या गाभ्यातून बंदिस्त फर्मवेअर हद्दपार झाले.

सोवळे पाळले गेले. पण त्याची किंमत कोणी मोजली? नवा लॅपटॉप घेऊन डेबियन बसविणाऱ्याचे वाय-फाय चालेना, कारण त्याचे फर्मवेअर महाजालावरून आणायचे आणि महाजालावर जायला तेच फर्मवेअर हवे! वस्तुतः फर्मवेअरसह तयार केलेली दुसरी तबकडी स्वयंसेवकच काढीत होते, परंतु तिच्यावर ‘अनधिकृत’ असा शिक्का होता आणि ती अडगळीच्या कोपऱ्यात ठेवलेली होती. जाणकाराची ओळख असलेल्याला तिचा पत्ता लागे, इतरांना नाही. अडचणी लपविणार नाही, असे वचन देणाऱ्या संघटनेचा हा व्यवहार होता. दृष्टिहीनांचे हाल त्याहून वाईट. ते पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आवाजाच्या आधारे प्रणाली बसवितात. अनेक नव्या यंत्रांत फर्मवेअरविना तो आवाजच उमटत नाही. प्रोसेसरमधील सुरक्षेच्या त्रुटींवर कंपन्या जे उपाय देतात, तेही याच निषिद्ध कप्प्यात पडून होते.

तथापि शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हेकट ठरविणे अन्यायाचे होईल. बंद तुकडा बिनबोभाट चालू लागला की कारखानदाराला संहिता खुली करण्याचे कारणच उरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे. अ‍ॅथेरॉसच्या एका वाय-फाय चिपचे फर्मवेअर २०१३ साली मुक्त झाले. अशी गोष्ट घडू शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

२०२२ च्या मतपत्रिकेवर सहा पर्याय होते. कराराला हात न लावता, अर्थ थोडा ताणून फर्मवेअर आत घ्यावे, असे सुचविणारेही त्यांत होते. तो मार्ग सोपा होता, कारण करार बदलण्यास तीनास एक असे बहुमत लागते. सदस्यांनी अवघड मार्ग पत्करला. कराराच्या पाचव्या कलमात, यंत्र चालण्यास आवश्यक असलेले फर्मवेअर अधिकृत तबकडीवर ठेवता येईल, असे उघड वाक्य घातले गेले. त्यासाठी स्वतंत्र कप्पा निर्माण झाला. कोणते फर्मवेअर भरले गेले हे वापरणाऱ्याला सांगावे आणि शक्य तेथे ते नाकारण्याची सोय द्यावी, असेही ठरले. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत हा निर्णय अमलात आला.

या निर्णयाचे मोल तडजोडीत नाही. तडजोडी २००४ पासून चालूच होत्या. या वेळी तत्त्वाला कोठे मुरड घातली ते तत्त्वाच्याच दस्तऐवजात लिहून ठेवले गेले आणि म्हणून उद्या कोणी ते वाक्य खोडण्याचा ठराव आणू शकतो. गृहीतकांच्या आडोशाने दिलेल्या सवलतीविरुद्ध ठराव तरी कसला आणणार? मात्र एका बाबतीत बहुमत चुकले. फर्मवेअरविरहित तबकडीही सोबत चालू ठेवावी, असा सहावा पर्याय होता; तो हरला. दोन तबकड्या तपासण्याचे श्रम स्वयंसेवकांना झेपणे कठीण होते, हे खरे. तरीही कोणत्या यंत्रात कोणाची चिप अडते हे सहज दाखविणारे साधन त्याबरोबर गेले.

मतदानाने कप्पा बदलला, तिजोरी उघडली नाही. ती उघडण्याचे बळ हजारभर स्वयंसेवकांपाशी नाही; हजारो यंत्रे एकदम विकत घेणाऱ्यापाशी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनचे वार्षिक संमेलन कोचीला भरले, ज्या केरळात सरकारी शाळांतून मुक्त प्रणाली वापरल्या जातात. केंद्र सरकारनेही २०१५ साली मुक्त आज्ञावलीचा पुरस्कार करणारे धोरण जाहीर केले आहे. शाळांसाठी, तहसील कचेऱ्यांसाठी संगणकांच्या निविदा निघतात, तेव्हा वाय-फायच्या चिपचे फर्मवेअर मूळ संहितेसह द्यावे, ही एक अट त्यांत घालण्याची मागणी विधिमंडळात आणि जिल्हा परिषदांत करता येण्याजोगी आहे.