टीएसएच 'कमी' असणे ही चूक नव्हे

मा. संपादक,

थायरॉइड कर्करोगानंतर टीएसएच नॉर्मल आला की रुग्ण बरा, हे आपल्या लेखातले विधान दिशाभूल करणारे आहे. रोग उलटण्याचा धोका जास्त असलेल्यांचा टीएसएच डॉक्टर थायरॉक्सिन देऊन मुद्दाम ०.१ च्या खाली ठेवतात. अहवालावर 'कमी' छापलेले पाहून गोळी परस्पर घटवणे घातक आहे. ग्रंथी पूर्ण काढलेल्या पॅपिलरी कर्करोगाच्या रुग्णात माग लागतो तो थायरोग्लोब्युलिनवरून. त्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असतील, तर तोही आकडा फसवा कमी दिसतो. मेड्युलरी प्रकारात कॅल्सिटोनिन पाहावे लागते.

'स्वस्त पडेल तिथे तपासा' हा सल्लाही अमान्य. पुण्यात लॅब गल्लोगल्ली आहेत, पण लॅब बदलली की चाचणीची पद्धत बदलू शकते आणि मग मागच्या आकड्याशी तुलना राहत नाही.

दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे