लांब रांग ही क्षमता नव्हे

थीम पार्कमधील राइडची क्षमता म्हणजे ती तासाभरात किती माणसांना फिरवून आणते ती संख्या. जुनी राइड पाडून नवी उभारल्याने उद्यानाची क्षमता वाढते, या मताचे तीन आधार सांगितले जातात: नवे तंत्र जास्त माणसे नेते, जुन्या राइडच्या जागा रिकाम्याच फिरतात आणि नव्या राइडपुढची रांग तिचे यश सिद्ध करते. हे तिन्ही आधार तपासावे लागतात.

पहिला आधार हिशेबात टिकत नाही. अखंड फिरणाऱ्या साखळीतून दर 4 सेकंदांनी दोन आसनांची गाडी सुटली, तर तासाला 1,800 माणसे जातात. सहा आसनांच्या वेगवान गाडीने हा आकडा गाठायचा, तर दर 12 सेकंदांनी एक गाडी सुटायला हवी. चढउतार, पट्ट्यांची तपासणी किंवा पुढच्या गाडीपासूनचे सुरक्षित अंतर यांत थोडा विलंब झाला तरी आकडा घसरतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये 1967 पासून चालणारी पीपलमूव्हर न थांबता प्रवासी घेत असे. ती 1995 मध्ये बंद झाली आणि 1998 मध्ये त्याच मार्गावर पाच आसनांच्या रॉकेट रॉड्स धावू लागल्या. वळणांवर मार्गाला कल नसल्याने त्यांना दर वळणाला वेग कमी करावा लागे. बिघाडही वारंवार होत. 2000 मध्ये त्या थांबल्या आणि मार्ग ओसाड पडला.

दुसऱ्या आधारात गर्दीचा दिवस विसरला जातो. एरवी रिकाम्या दिसणाऱ्या जागाच सुट्टीच्या दिवशी लोंढा सामावून घेतात.

तिसऱ्या आधारात मागणी आणि क्षमता यांची गल्लत आहे. फ्लोरिडातील एप्कॉटमध्ये 2014 साली मेलस्ट्रॉम ही होड्यांची राइड बंद करून 2016 मध्ये त्याच जलमार्गावर फ्रोझन एव्हर आफ्टर सुरू झाली. होड्यांची व्यवस्था तीच राहिली; लोकप्रिय चित्रपटामुळे रांग मात्र वाढली.

म्हणून बदल टाळावा असे नाही. तो मोजून करावा. डिस्नेलँडचे हॉन्टेड मॅन्शन मुळात पायी फिरून पाहण्यासाठी योजले होते, पण 1969 मध्ये ते अखंड चालणाऱ्या गाड्यांसह उघडले. क्षमतेचा आधी विचार करणारी ही दृष्टी आजही योग्य आहे. जागा असेल तर नवी राइड जुनीच्या शेजारी उभारावी. जुनी काढणे अटळ असेल, तर तिची ताशी क्षमता हीच नवीची किमान मर्यादा ठरवावी आणि बांधकामाच्या वर्षांत कमी होणाऱ्या जागांची सोय आधी करावी. तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या कुटुंबाचा दिवस रांगेत सरू नये, हीच क्षमतेची खरी कसोटी आहे.