दर महिन्याची 'उन्हाळी'

लघवीला जळजळ झाली की घरोघरी 'उन्हाळी लागली' म्हणतात. धण्या-जिऱ्याचे पाणी होते, मग दवाखान्यातून प्रतिजैविके येतात. जंतुसंसर्ग असेल तर औषधांनी तो बरा होतो. पण त्रास दर पाळीला परत येत असेल आणि लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नसतील, तर एंडोमेट्रिऑसिसचा विचार व्हायला हवा.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. त्यांतल्या थोड्याजणींच्या मूत्राशयाच्या भिंतीत त्याची गाठ होते. पाळीच्या सुमारास ती सुजते. मूत्राशय भरले की दुखते, सारखे लघवीला जावे लागते, क्वचित रक्तही जाते. मूत्रवाहिनी आवळली गेली, तर फारसे न दुखताही मूत्रपिंड निकामी होऊ शकते. म्हणूनच उशीर महागात पडतो.

योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ही गाठ बऱ्याचदा दिसते. गरजेप्रमाणे एमआरआय किंवा दुर्बिणीने तपासणी होते. संप्रेरकांच्या गोळ्यांनी अनेकींचा त्रास आटोक्यात येतो, काहींना शस्त्रक्रिया लागते.

हे सगळे सुरू होते एका साध्या प्रश्नापासून: त्रास पाळीच्या वेळी वाढतो का? लघवीची तक्रार ऐकताना डॉक्टरांनी तो विचारलाच पाहिजे. स्त्रियांनीही दोन-तीन महिने पाळीच्या आणि त्रासाच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि तो कागद दवाखान्यात न संकोचता दाखवावा.