समुद्रातले गोडे पाणी

सुट्टी लागली की पोरे कुठेतरी न्या म्हणून मागे लागतात. आम्ही राधानगरीकर, जंगल आम्हाला नवे नाही. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ पासून दाराशीच आहे. पण आमच्या आईने सत्तरी गाठली तरी समुद्र पाहिला नव्हता. म्हणून यंदा मालवणचा सिंधुदुर्ग ठरवला.

खर्चाचे आधी सांगतो. एस.टी.त महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाले, त्यामुळे घरच्या बायका अर्ध्यात बसल्या. भाकरी, चटणी, कांदा घरूनच बांधून घेतला. दाजीपूरचे रान, फोंडा घाटाची वळणे, कणकवली करीत मालवण गाठले. वाटेत गवा काही दिसला नाही. पोरांची तोंडे उतरली.

धक्क्यावरून होडीने कुरटे बेटावर गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला हा किल्ला, चारी बाजूंनी समुद्र. आत मोटार नाही, रिक्षा नाही. आईचे गुडघे दुखतात, आम्हाला त्याचीच काळजी. ती म्हणाली, "जलमभर बांधानं चालली मी. हितं कशाला रिक्षा लागतीया?" तटाच्या सावलीला बसत बसत चालली. पोरे मात्र राणीच्या वेळेवरच्या वाळूत रमली. त्यांना तिथून हलवताना घाम फुटला.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. बाहेर सगळे खारे पाणी आणि आत गोडे! किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. विहिरीजवळच्या एका घरातल्या बाईने आईसाठी तांब्या भरून आणला. आईने तो घेतलाच नाही. खाली बसून तिने ओंजळ पुढे केली.

आम्हाला क्षणभर कळेना. मग ध्यानात आले. लहानपणी तिच्या गावच्या विहिरीवर आपल्या लोकांना चढू देत नसत. वरून कुणी ओतील तेव्हा ओंजळ धरायची, नाहीतर घागर तशीच घेऊन परतायचे. साठ वर्षे झाली, हात विसरले नव्हते.

ती बाई गोंधळली. आमची थोरली मुलगी म्हणाली, "आजी, तांब्या हातात घे की."

आईने तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. "लई गोड हाय," म्हणाली, आणि पोरांसाठी आणखी मागितले.

जाणारांनी ध्यानात ठेवावे, पावसाळ्यात होड्या बंद असतात. दिवाळीनंतर जावे.