नेत्रशिबिरांच्या पलीकडे

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज सरावलेल्या हातांना दहा-पंधरा मिनिटांची राहिली आहे. बहुधा टाका घालावा लागत नाही, रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि वर्षानुवर्षे आवाजावरून ओळखलेली माणसे त्याला पुन्हा चेहऱ्याने ओळखता येतात. इतक्या थोड्या खर्चात एवढे मोठे फळ देणारा उपचार वैद्यकशास्त्रात क्वचितच सापडेल. असे असताना २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वामागे सुमारे ६६ टक्के प्रकरणांत मोतीबिंदू हेच कारण आढळले. म्हणजे आपण ज्यांना अंध म्हणून मोजतो, त्या वृद्धांपैकी तिघांतले दोघे शस्त्रक्रियेच्या रांगेत उभे आहेत.

या क्षेत्रात देशाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूवर विशेष भर देण्यात आला. अंधत्वाचे प्रमाण १९८० च्या दशकाअखेरीस लोकसंख्येच्या १.४९ टक्के होते. ताज्या सर्वेक्षणात ते ०.३६ टक्क्यांवर आले. मात्र या उतरत्या आकड्यावर हारतुरे घालण्यापूर्वी एक बारीक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वी सहा मीटरवरून बोटे मोजता न येणारी व्यक्ती सरकारदरबारी अंध गणली जाई. २०१७ साली ही मर्यादा तीन मीटरवर आणण्यात आली. जगभर हीच व्याख्या असल्याने बदलाला तांत्रिक आधार आहे. परंतु चार मीटरवरची बोटे कशीबशी मोजणाऱ्या आजीबाईंना त्या बदलामुळे काही अधिक दिसू लागले नाही. त्या फक्त आकड्यातून बाहेर गेल्या.

पुढे कोरोनाची साथ आली आणि २०२० मध्ये ‘तातडीच्या नसलेल्या’ सर्व शस्त्रक्रिया थांबल्या. अनुशेष वाढला. तो भरून काढण्यासाठी केंद्राने २०२२ साली राष्ट्रीय नेत्रज्योती अभियान हाती घेतले आणि २०२२-२३ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. ही कामगिरी मोठीच आहे. पण तिच्यातील मोठा वाटा स्वयंसेवी संस्थांच्या व खासगी रुग्णालयांचा आहे. ज्याला सरकारी रुग्णालयाखेरीज दुसरे दार माहीत नाही, त्याचे काय, हा प्रश्न तसाच उरतो.

त्याचे काय होते ते पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गावातील आशा कार्यकर्ती एखाद्या वृद्धेला डोळे तपासून घ्यायला सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेत्रचिकित्सा अधिकारी ठरलेल्या वारीच येतात. ते मोतीबिंदूचे निदान करून जिल्हा रुग्णालयात जायला सांगतात. तेथे गेल्यावर रक्तातील साखर वाढलेली निघते, ती आटोक्यात आणून या, असे सांगण्यात येते. पुढच्या खेपेस साखर ठीक असते, पण रक्तदाब वाढलेला असतो. तिसऱ्या खेपेस भिंगाचा क्रमांक काढणारे यंत्र बंद पडलेले असते. प्रत्येक खेपेला सोबत मुलगा किंवा सून असते, त्यांचा एक रोज बुडतो, एसटीचा खर्च वेगळा. चौथ्यांदा ती वृद्धा स्वतःच म्हणते, ‘राहू दे, आता किती दिवस जगायचंय!’ प्रतीक्षा यादीत तिचे नाव कोठेही नसते, कारण यादी फक्त दाखल होणाऱ्यांची असते. खरी रांग घराघरांतल्या ओसरीवर बसलेली असते आणि तिच्यात स्त्रियाच अधिक असतात. पुरुषाच्या डोळ्यांसाठी घर जितक्या लवकर हलते, तितके ते स्त्रीच्या डोळ्यांसाठी हलत नाही.

त्यात जुन्या समजुती भर घालतात. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला एके काळी योग्य होता, कारण तेव्हाच्या पद्धतीला पिकलेले भिंग काढणे सोयीचे जाई. आज तो घातक आहे. अतिपक्व भिंग डोळ्यातील दाब वाढवते आणि भरून न येणारी हानी करून जाते. शस्त्रक्रिया हिवाळ्यातच करावी, ही दुसरी समजूत. सरकारी यंत्रणेने तिला जणू मान्यताच दिली आहे. पावसाळ्यात नेत्रविभाग ओस पडतात आणि उद्दिष्टाची आठवण झाली की डिसेंबर ते मार्च धावपळ उडते. मार्चअखेरीला आकडा पुरा करण्याच्या घाईत काय घडते, हे देशाने वारंवार पाहिले आहे. २०१४ साली पंजाबातील घुमान येथील शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांची दृष्टी जंतुसंसर्गाने गेली. २०२१ साली बिहारमधील मुझफ्फरपुरात एकाच दिवशी भरमसाट शस्त्रक्रिया उरकल्याचा तोच परिणाम झाला. ज्यांना थोडे दिसत होते, त्यांचा डोळाच काढावा लागला.

याचा अर्थ शिबिरे नकोत असा नाही. स्वयंसेवी संस्थांनी आणि गावोगावच्या मंडळांनी रुग्ण शोधण्याचे जे काम केले, ते कोणत्याही सरकारी खात्याला जमले नसते. परंतु शिबिराचे काम तपासणीचे आणि रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याचे; शस्त्रक्रियेची जागा निर्जंतुक शस्त्रक्रियागृहातच. पाहुण्यांच्या हस्ते काळे चष्मे वाटले आणि छायाचित्र निघाले की सेवा संपली, असे मानणाऱ्यांनी दोनशे तपासलेल्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांत पुढे भिंग बसले, हे एकदा विचारून पाहावे.

मार्ग आहे आणि तो याच देशात सापडला आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १९७६ साली मदुराईत अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तेथे एका शल्यचिकित्सकासमोर दोन टेबले असतात. एकावरील शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरचा रुग्ण तयार होतो. खेड्यांतून निवडलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन तपासणीपासून मलमपट्टीपर्यंतची कामे त्यांच्याकडे सोपविलेली आहेत. डॉक्टर केवळ डॉक्टरनेच करायचे तेवढेच करतो. पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांचे उपचार होतात. आयात भिंगे परवडेनात म्हणून १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब स्थापून ती येथेच बनवायला घेतली.

सरकारी रुग्णालयात हे शक्य नाही, हा युक्तिवाद नेहमीचा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, तो विभाग सरकारीच होता. अडचण आहे ती एका माणसाच्या निष्ठेवर उभे राहिलेले काम व्यवस्थेत न उतरण्याची. जिल्हा रुग्णालयातील नेत्रशल्यचिकित्सकाला बाह्यरुग्ण विभाग, अपंगत्वाचे दाखले, बैठका आणि अहवाल यांतून उरलेल्या वेळात शस्त्रक्रिया कराव्या लागतात. शस्त्रक्रियागृह इतर विभागांशी वाटून घ्यायचे असते. हाताला वळण लागलेली परिचारिका दोन-तीन वर्षांत दुसऱ्या कक्षात बदलून जाते. नवी इमारत बांधण्यापूर्वी नेत्रविभागाला स्वतंत्र शस्त्रक्रियागृह, दुसरे टेबल आणि न बदलणारा प्रशिक्षित चमू मिळाला, तर आहे त्याच डॉक्टरांकडून कितीतरी अधिक काम होईल. साखर, रक्तदाब आणि भिंगाचा क्रमांक या तपासण्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एकाच दिवशी उरकता येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णाने एकदाच जावे, तेही तारीख हातात घेऊन.

नेत्रशिबिरांच्या उद्घाटनात सुश्रुताचा उल्लेख हमखास होतो. अभिमान रास्तच आहे; सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील शस्त्रकर्माचे वर्णन आहे. पण त्याच ठिकाणी रुग्णाने नंतर कसे निजावे, शिंक-खोकला कसा टाळावा, पट्टी केव्हा बदलावी, हेही तितक्याच बारकाईने सांगितले आहे, याची आठवण भाषणांत होत नाही. जागतिक आरोग्य सभेनेही २०२१ साली जे उद्दिष्ट स्वीकारले, त्यात केवळ शस्त्रक्रियांची संख्या नव्हे, तर त्यानंतर चांगली दृष्टी मिळाली किती जणांना, हे मोजले जाते. आपल्या जिल्ह्यांचे अहवाल अजून संख्येपाशी थांबतात. सहा आठवड्यांनी रुग्णाची दृष्टी नोंदविली नाही तर ती शस्त्रक्रिया हिशेबात धरू नये, एवढा एक नियम केला तरी मार्चअखेरीची घाई आपोआप ओसरेल.

आणि यादी उघडी करावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात निदान झालेल्या रुग्णांची नोंदवही असावी, निदानाची आणि शस्त्रक्रियेची तारीख शेजारीशेजारी लिहिलेली. दोन्ही डोळ्यांनी न दिसणाऱ्यांचा क्रम पहिला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचे नाव मात्र दुसऱ्या डोळ्यासाठी वहीत राहिले पाहिजे, आज ते तेथेच गळते. ही वही दर महिन्याला जिल्हा शल्यचिकित्सकांसमोर जावी आणि तीन महिने उलटूनही ज्यांची दुसरी तारीख कोरी आहे, त्यांच्या घरी आशा कार्यकर्तीने पुन्हा जाऊन यावे. त्या फेरीचे मानधन तिला वेगळे मिळाले पाहिजे.