मधली पट्टी

दिवाळीपूर्वीची साफसफाई हा गृहिणीचा उत्सव आणि गृहस्थाची परीक्षा, असे मी या सदरात मागे एकदा म्हटल्याचे जुन्या वाचकांना आठवत असेल. यंदा परीक्षेचा विषय होता माझ्या कपाटाचा खालचा खण. त्या खणात एकोणतीस स्लाइड रूल आहेत. "एकोणतीस पट्ट्या, आणि एकीनेही धड रेघ मारता येत नाही!" हा आमच्या सौभाग्यवतींचा शेरा. शेरा बिनचूक आहे. स्लाइड रूलने रेघ मारायची नसतेच.

ज्यांनी १९७५ च्या आत इंजिनियरिंगचे कॉलेज पाहिले, त्यांना ही वस्तू काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. लाकडाची, बांबूची किंवा प्लॅस्टिकची फूटभर लांब पट्टी. तिच्या खाचेत पुढेमागे सरकणारी दुसरी पट्टी. आणि दोहोंवरून फिरणारी, मधोमध केसासारखी रेघ असलेली काच. आकडे मात्र सारख्या अंतरावर नसतात. पंचवीस सेंटिमीटरच्या मापावर १ पासून २ साडेसात सेंटिमीटरवर, तर ३ सुमारे बारा सेंटिमीटरवर. आता साडेसात आणि बारा यांची बेरीज करा. साडेएकोणीसच्या आसपास जिथे पोचाल तिथे आकडा लिहिलेला असतो ६. म्हणजे लांबी मिळवली की संख्या गुणली जाते. १६१४ साली स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने लॉगॅरिथमची कोष्टके छापली आणि पुढच्या दहा वर्षांच्या आतच विल्यम ऑट्रेड नावाच्या इंग्रज पाद्रीबुवांनी ती दोन पट्ट्यांवर बसवली. तेव्हापासून साडेतीनशे वर्षे जगातले पूल, आगगाड्या आणि धरणे या सरकासरकीवर उभी राहिली. १९७० साली अपोलो १३ यानातून निघालेल्या मंडळींच्या सामानातही पिकेट कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी होती.

माझी पहिली पट्टी जपानी, हेम्मी कंपनीची, बांबूची. बांबू हवेतल्या ओलाव्याने फारसा फुगत नाही, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यातही तिची मधली पट्टी अडत नसे. वडील शाळामास्तर. १९६८ साली त्यांनी ती घेऊन दिली, तेव्हा पगाराचा चांगलाच लचका तुटला असणार. पुढे दोन महिने घरात साखर जपून वापरली जात होती, एवढे मला आठवते. शर्टाच्या खिशात न मावणारी ती वस्तू कातडी म्यानात घालून आम्ही कमरेला लटकवत असू. कॉलेजच्या वाटेवर मुली आमच्याकडे बघतात, असा आमचा समज होता. त्या बघत नसत.

१९७२ साली अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ निघाला. किंमत ३९५ डॉलर. खिशात मावणारा आणि साइन-कोसाइनसुद्धा सांगणारा कॅल्क्युलेटर! पाहता पाहता किमती उतरल्या आणि स्लाइड रूलचे कारखाने मिटले. माझ्याही मामेभावाने १९७७ साली परदेशाहून एक कॅल्क्युलेटर आणून दिला. बहिणीच्या मुलांनी माझ्या पट्टीची तलवार केली. मधली पट्टी एकाकडे, म्यान दुसऱ्याकडे. पानिपत संपले तेव्हा हाती आले ते तुकडे मीच केरात टाकले. वडील जवळच बसले होते. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांनी काही बोलावे असे तेव्हा मला वाटलेही नाही.

त्याच वर्षीची गोष्ट. मी एका कचेरीत आराखड्याच्या टेबलावर होतो. सहा मीटर गाळ्याची तुळई, दर मीटरला दोन टन भार, परिणामकारक खोली साठ सेंटिमीटर. मी फडाफड बटणे दाबली आणि लोखंड काढले : ३.०९६६१४३ चौरस सेंटिमीटर. दशांशाची सातही स्थळे सुवाच्य अक्षरात लिहून कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कॅल्क्युलेटरराव, म्हणजे १६ मिलिमीटरच्या दोन सळ्या झाल्या. सहा मीटरला दोन सळ्या? अहो, दोन सळ्यांवर आमच्या घरी धुणे वाळत घालतात!"

मी म्हणालो, "साहेब, मशीनने काढलेय."

त्यांनी खणातून आपला स्लाइड रूल काढला. त्याच्या काचेचा कोपरा उडालेला होता आणि ती तांबड्या दोऱ्याने बांधलेली होती. तीन वेळा सरकवून म्हणाले, "बारा पॉइंट चार. २० च्या चार सळ्या. आता तुमचे कुठे चुकले ते तुम्हीच शोधा."

शोधायला तासभर लागला. ६ च्या ऐवजी त्याच्या खालचे ३ चे बटण दाबले गेले होते. गाळा निम्मा झाला, त्याचा वर्ग पाव झाला, आणि लोखंडही पाव. ती तुळई एका शाळेच्या वर्गावर जायची होती.

स्लाइड रूलवर चुका होत नसत असे कोणी म्हणेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. ढिगाने होत. पण ही पट्टी दशांशचिन्ह सांगतच नाही. १.२४, १२.४ आणि १२४ तिला सारखेच. टिंब कुठे द्यायचे ते माणसाने आधी मनाशी ठरवावे लागते, म्हणजे उत्तराचा अंदाज हिशेबाच्या अगोदर करावा लागतो. शिवाय तीन आकड्यांपुढे ती काही बोलत नाही; आणि सिमेंट कालवणाऱ्याला चौथा आकडा कधी लागला आहे?

साहेब गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या घरी गेलो आणि भीत भीत त्या पट्टीची चौकशी केली. ती रद्दीबरोबर गेली होती. तेव्हापासून मी पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात गोणपाटावर मांडलेले सामान उकरू लागलो. तांबड्या दोऱ्याची पट्टी मिळाली नाही. बाकीच्या एकोणतीस त्या नादात मिळाल्या. एकीवर 'जिंकलेल्या जपानात तयार झालेली' अशा अर्थाचा इंग्रजी छाप आहे. म्हणजे ती १९४५ ते १९५२ मधली. हेम्मीच्या पट्ट्यांवर पुढे दोन अक्षरे ठोकलेली असत. पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ए म्हणजे १९५०, बी म्हणजे १९५१. एक जर्मन पट्टी नाकाशी नेली की सेल्युलॉइडमधल्या कापराचा वास अजून येतो. दोन-तिनांच्या पाठीवर कर्कटकाने कोरलेले रोल नंबर आहेत. त्यांची परीक्षा कशी गेली कोण जाणे!

"पण उपयोग काय?" हा घरातला प्रश्न दर दिवाळीला येतो. यंदा माझ्याजवळ उत्तर होते.

जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या सभेत गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी बसवायचे ठरत होते. कंत्राटदाराने संगणकावर छापलेला रंगीत कागद वाटला : टाकीचा व्यास २.४ मीटर, भार दर चौरस मीटरला २२१ किलो. गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलोचा धरलेला असतो. "थोडेसेच जास्त आहे, चालून जाईल," असे चिटणीस म्हणाले आणि हात वर होऊ लागले.

दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन, हे सांगायला कुठलीच पट्टी लागत नाही. टाकीचा तळ साडेचार चौरस मीटर. मी खिशातून पाच इंची पट्टी काढली (ही लहान मात्र खिशात मावते) आणि सरकवली. २२१ नव्हे, २,२१० किलो. कोणीतरी दहा हजारांच्या जागी हजार लिहिले होते.

"काका, कॉम्प्युटर कसा चुकेल?" एका तरुण सभासदाने विचारले. मी १९७७ साली जे म्हणालो होतो तेच ऐकून मला हसू आले. पण हसायची वेळ नव्हती, कारण त्या स्लॅबखाली त्याचेच बिऱ्हाड आहे. त्याने मोबाइलवर हिशेब केला, पुन्हा एकदा केला, आणि वर आढ्याकडे पाहिले.

शेवटी बाहेरचा स्ट्रक्चरल इंजिनियर बोलावला. त्याने टाकी जिन्याच्या खांबांवर, लोखंडी गर्डर टाकून बसवून घेतली. कंत्राटदाराने यंदा मला मिठाईचा पुडा पाठवला नाही. तो तरुण मात्र लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आला, खणाशी मांडी घालून बसला आणि दोन तासांत भागाकार शिकला. जाताना एक पट्टी मागून घेऊन गेला.

"अठ्ठावीस," सौभाग्यवती खणात नवा कागद अंथरताना म्हणाल्या, "आणखी कोणी शिकायला येणार आहे का?"